अर्जातली घरची भाषा

‘आई, तू जन्म शाळेत काढलास ना, मग तूच सांग कोणती शाळा,’ असं म्हणून माझ्या मुलीनं व्हिएतनामहून सहा शाळांची यादी माझ्या फोनवर ढकलली आणि ती कामावर निघून गेली. मी इकडे वऱ्हाडातल्या शिरपूरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, चष्मा सावरत त्या यादीकडे बघत बसले. एकाही शाळेचं नाव नीट वाचता येईना. चित्रांत पोहण्याचा तलाव, घोडे, व्हायोलिन आणि सगळ्या रंगांची पोरं दात काढून हसताना. अख्ख्या यादीत पोरांजवळ बसलेला एक मास्तर दिसेल तर शपथ!

जावई तिकडच्या एका औषधांच्या कारखान्यात गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. सहा महिन्यांनी मुलीलाही तिथंच काम मिळालं. नात तेव्हा साडेपाच वर्षांची. तिथल्या सरकारी शाळेत तिथलीच भाषा, आपल्या अभ्यासक्रमाची शाळा त्या शहरात नाही. उरल्या त्या परदेशी नोकरदारांच्या पोरांसाठी काढलेल्या इंटरनॅशनल शाळा. ‘शाळा ठरली की महिन्याभरात नेते,’ असं सांगून मुलीनं पोर माझ्याजवळ ठेवली. त्या महिन्याचं वर्ष झालं. कधी जागा नव्हती, कधी कागद अपुरा, कधी नवराबायकोचंच एकमत होईना. मुलगी रोज व्हिडिओवर यायची आणि रोज सांगायची, आता थोडेच दिवस. पोर आधी रडायची. मग रडायची थांबली, आणि ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं. एकदा शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘माही मम्मी फोनातच राह्यते.’ हे ऐकून मी आत जाऊन तोंड धुतलं. या खेपेला शाळा मिळाली नाही तर पोर आणखी एक वर्ष आईबापावाचून राहणार होती, आणि सहा वर्षांच्या लेकराला एक वर्ष म्हणजे काय, ते मला तेहतीस वर्षांच्या नोकरीनं चांगलं शिकवलं होतं.

एरवी पोर बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. जैन मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतात. ही ओट्यावर उभी राहून त्यांना विचारायची, ‘कोठून आले तुमी? जेवले का?’ समोरचा गुजरातीत बोलो की हिंदीत, हिचं वऱ्हाडी चालूच. कॉन्व्हेंटची व्हॅन दुपारी सोडून गेली की शेजारच्या काकूंकडे जायची. संध्याकाळी परत आली की आमच्या ह्यांच्यापुढे, म्हणजे तिच्या आबांपुढे, साग्रसंगीत हकिकत.

‘आबा, पाय न, थे बकरी हाय न, तिनं काकूचा पदरच खाल्ला! काकू भाकरी थापून राह्यली होती, अन् थे मांगून आली चूपचाप. मंग काकूनं तिले अशी हानली, तं थे माह्याकडेच पायते! म्या म्हनलं, माह्याकडे कायले पायतं वं, म्या सांगतलं का तुले खायाले?’

हे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. जन्मभर ‘मांगं सरका’ ओरडून घसा बसलेला, पण पोरीपुढे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मी आतून ओरडायची, ‘तुले नाही, तुला! पाय न नाही, बघ ना!’ दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तेव्हा करायची.

तर शाळा. जावयांना मोठी शाळा हवी होती. ‘आई, तिथं पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी. पोरं तीन महिन्यांत गोऱ्यांसारखी बोलतात,’ असं ते मला फोनवर समजावत होते. मुलीच्या मनात एक छोटी शाळा होती, शहराच्या कडेला, जुन्या बंगल्यात भरणारी. दोघांची कुरबुर माझ्या कानावर यायची आणि दोघंही मला मध्ये ओढायची. शेवटी मी मुलीला म्हटलं, ‘चित्रं नकोत. तू स्वतः जा आणि फोन चालू ठेवून मला फिरवून आण.’

ती मोठ्या शाळेत गेली. मी इकडे पलंगावर बसून बघत होते. संगमरवर काय, काचा काय. मी म्हटलं, ‘मुतारी दाखव.’

‘आई!’

‘काय आई? धनजच्या शाळेत सात वर्षं काढली, मग इथं शिरपूरला. शाळा ओळखायची तर आधी मुतारी बघायची आणि मग शेवटच्या बाकावरचं पोर. बाकी सगळी रंगरंगोटी.’

मुतारी लखलखीत निघाली. खोटं कशाला बोलू, आमच्या घरापेक्षा चांगली. मग वर्ग. शेवटचा बाक तिथं नव्हताच, पोरं गोल टेबलांशी बसलेली, पण एक मुलगी भिंतीला टेकून एकटी बसली होती, ओठ घट्ट मिटून. माझ्या मुलीनं शाळा दाखवणाऱ्या बाईला विचारलं. बाई हसून म्हणाली, ती नवीन आहे, अजून इंग्रजी येत नाही, येईल हळूहळू. पाच मिनिटं आम्ही त्या वर्गाशी होतो. पाच मिनिटांत त्या मुलीकडे कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी छोटी शाळा. मुतारी बरी होती, एक नळ टपकत होता. अंगणात एक मुलगा पडला होता आणि त्याच्या भाषेत मोठमोठ्यानं रडत काहीतरी सांगत होता. कोरियाचा असावा असं मुलगी म्हणाली. बाई त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसली होती. त्याचा एक शब्द तिला कळत नव्हता, हे इथं शिरपुरात बसून मला कळत होतं, पण ती मान हलवत होती, आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत ती उठली नाही. मग तिनं त्याची भाषा येणाऱ्या दुसऱ्या एका मुलीला हाक मारून, हा काय म्हणाला ते समजून घेतलं.

‘हीच शाळा,’ मी म्हटलं. ‘डोळे मिटून हीच.’

मुलगी तिकडे आनंदानं रडायला लागली. जावई दोन दिवस गाल फुगवून बसले आणि मग तयार झाले, कारण मोठ्या शाळेत तशीही पुढच्या वर्षापर्यंत जागा नव्हती. मी शाळा निवडली म्हणून माझी मान जरा ताठ झाली होती. कोणी विचारो न विचारो, भाजीवाल्यालासुद्धा सांगत सुटले होते.

अर्जात एक रकाना होता. मूल घरात कोणती भाषा बोलतं? मुलीनं लिहिलं, मराठी. त्यावर शाळेचं पत्र आलं, ते तिनं मला फोनवर मराठीत करून सांगितलं. इंग्रजीची आम्हाला घाई नाही, ती आम्ही शिकवू. पण मुलाची घरची भाषा वयाप्रमाणे वाढलेली आहे की नाही ते आम्ही बघतो, कारण तिच्या आधारानंच दुसरी भाषा उभी राहते. आमच्या वतीनं एक मराठी जाणणाऱ्या बाई मुलीशी व्हिडिओवर बोलतील. मुलीनं मोकळेपणी काहीही बोलावं. घरची भाषाच कच्ची असेल तर वेगळ्या मदतनीस शिक्षिकेची गरज पडते, आणि त्या जागा या वर्षी भरलेल्या आहेत.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीला तशीच नेऊन बसवली असती. बकरीचा ब जरी कोणी काढला असता तरी ती तासभर थांबली नसती. पण मी शहाणी कुठली, मी मास्तरीण! पत्रात ‘घरची भाषा’ लिहिलं होतं, आणि मी ते वाचलं ‘मराठीचा पेपर’. घरातलं बोलणं काय कोणाला दाखवायचं असतं? घरातल्या गाऊनवर कोणी लग्नाला जातं का? असा माझा विचार. तीन आठवडे हातात होते. मी वही काढली, लाल पेन काढलं.

हे माझ्यात कुठून आलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसतीच कजाग म्हातारी वाटेन. माझे वडील छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले, दुसऱ्याच्या वावरात राबणारे. मला डी.एड.ला अकोल्याला पाठवताना म्हणाले, ‘शिकून आली अन् आमच्यावानीच बोलली, तं शिकली कायले?’ होस्टेलात पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ‘मले भूक लागली.’ खोलीतल्या तिघी हसल्या. एकीनं विचारलं, ‘हे तुमच्याकडचं का?’ त्यातलं ‘तुमच्याकडचं’ हे गावाबद्दल नव्हतं, एवढं कळायला मला डी.एड. लागलं नाही. आमच्या गावचे मोठे वाडेवाले शेतकरीही ‘मले’च म्हणायचे, त्यांना कोणी हसल्याचं मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात धुऊन घ्यायला लागले. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावरून कोणाला काही ओळखता येईना. नोकरीला लागले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, बाई पुण्याकडच्या का? मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी गोड केलं. मग तेहतीस वर्षं पोरांच्या वह्यांत ‘मले’ दिसलं की लाल गोल. दुसऱ्या कोणी माझ्या पोरांना हसण्याआधी मीच त्यांना दुरुस्त करत होते. असं मला वाटायचं.

तर नातीची तयारी सुरू झाली. रोज व्हॅन आली की हातपाय धुवायचे, दूध प्यायचं आणि टेबलाशी बसायचं. ‘मी शिरपूर येथे राहते. माझ्या घरी माझे आजी-आजोबा आहेत. मला आंबा आवडतो.’ ती ‘मले’ म्हणाली की मी पेन टेबलावर वाजवायची. मारलं नाही हो, बोटसुद्धा लावलं नाही. फक्त टक्. तिनं पुन्हा सुरुवात करायची. पहिल्या आठवड्यात ती हसायची, चिडायची. ‘आजी, माह्या तोंडातून आपोआप निंगते न वं!’ टक्. ‘माझ्या. निघते.’ दुसऱ्या आठवड्यात हसणं संपलं. बोलायच्या आधी थांबायला लागली. ओठ हलायचे, आवाज नाही. मला वाटलं, वा, विचार करून बोलायला लागली पोर.

बकरीच्या बातम्या बंद झाल्या. काकूंनीही विचारलं, ‘बाई, पोरीले बरं नाई का?’ मी म्हटलं, अभ्यास आहे तिला. मग एके दिवशी जेवताना तिनं पाण्याच्या तांब्याकडे नुसता हात केला. मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. हे ताटावरून उठले आणि मला म्हणाले, ‘पोरगी मुक्यावानी हात करून पानी मांगून राह्यली. तुले दिसत नाई का? मला म्हनावं का मले म्हनावं, म्हनून थे मांगतच नाई आता.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘तुम्ही गप्प बसा. तुमच्या बोलण्यानंच बिघडलंय सगळं. तिला आईबापाकडं जायचंय, एस.टी.त तिकिटं फाडायची नाहीत!’

चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या नोकरीवरून कधी बोलले नव्हते. ते चप्पल घालून बाहेर गेले. पोर मान खाली घालून जेवत राहिली.

मुलाखत सकाळी दहाला होती. मी पोरीला इस्त्रीचा फ्रॉक घातला, फोन डब्यांना टेकवून उभा केला आणि स्वतः फोनच्या मागे, तिला दिसेन अशी बसले. पडद्यावरच्या बाई चांगल्या होत्या, मला त्यांच्यात काहीच खोट काढता येत नाही. बोलणं मात्र पुण्याकडचं. ‘सकाळी काय खाल्लंस गं?’ त्यांनी विचारलं. मग उत्तरही तसंच द्यायचं की काय, हे पोरीला कळेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी सांगितलं, पोहे. ती म्हणाली, ‘पोहे.’ मग बाईंनी एक चित्र दाखवलं, सायकलवरून पडलेला मुलगा, बाजूला कुत्रं, सांडलेली पिशवी. ‘काय झालंय इथं? मला गोष्ट सांग बरं.’

असं चित्र! एरवी तिनं त्या कुत्र्याचं खानदान काढलं असतं. आता तिचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. ‘मुलगा पडला आहे.’

‘अगं बाई! का पडला असेल?’

तिला माहीत होतं. तिचे डोळे लकाकले, तोंड उघडलं, आणि उघड्या तोंडानंच ती माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हातात पेन होतं. मला पत्तासुद्धा नव्हता की मी पेन घेऊन बसले आहे.  मग पोर ताठ झाली आणि एका दमात म्हणाली, ‘मी शिरपूर येथे राहते. माझ्या घरी माझे आजी-आजोबा आहेत. मला आंबा आवडतो.’ बाईंनी आणखी पाच-सहा गोष्टी विचारल्या. तिनं प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, शेवटी शेवटी तर रडक्या आवाजात.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलीची घरची भाषा वयाच्या मानानं मागे आहे. पाठ केलेली वाक्यं सोडली तर ती स्वतःहून वाक्य रचत नाही. मदतनीस शिक्षिकेची गरज आहे, सबब या वर्षी प्रवेश देता येत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

मुलगी फोनवर ओक्साबोक्शी रडली. ‘आई, मागे? माझी पोर मागे? माझे कान किटवायची गं ती! झालं काय तिला? माझ्यावाचून झालं का असं? मी तिला सोडून आले म्हणून झालं का?’

आणि मी म्हटलं, ‘बुजली असेल गं. नवीन बाई बघून बुजली.’

हे खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. त्याहून वाईट पुढं आहे, तेही लिहिते. फोन ठेवल्यावर मी आत आले. पोर पलंगावर आडवी होऊन चित्रं रंगवत होती, पाय हलवत. आणि माझ्या मनात आलं, आता वर्षभर ही इथंच आहे. मला बरं वाटलं. लिहिताना हात अडतो, पण वाटलं.  मुलगी तिकडे ऊर फोडून रडतेय आणि मी इकडे, रात्री ही आपल्या कुशीत झोपणार, याचा आनंद करतेय. मग मीच स्वतःला विचारलं. मी हे मुद्दाम केलं का? पेन काय आपोआप हातात आलं? मुद्दाम नाही, मी माझ्या वडिलांची शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही. पण शपथ घ्यावी लागली, हे काही चांगलं लक्षण नव्हे.

 तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात असताना ओट्यावरून पोरीचा आवाज आला. बोलत होती! आबांना काहीतरी सांगत होती, बसस्टँडवर कोणाचं तरी पोतं फाटलं आणि कांदे घरंगळले, त्याचं. ‘अन् आबा, थो बुवा कांद्याच्या मांगं पयून राह्यला, अन् बसवाला हारन वाजवून राह्यला, अन् लोकं नुसतेच हासून राह्यले, कोनी उचलू लागत नाई!’ मला इतका आनंद झाला की मी हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर धावले. मला बघितलं आणि पोर गप्प झाली. अर्ध्या वाक्यात. नळ बंद करावा तशी.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ‘तुह्यासमोर थे बोलत नाई,’ एवढंच म्हणाले. ‘माह्याजवळ बोलते. काकूजवळ बोलते.’

मी आत आले, गॅस बंद केला आणि मुलीला फोन लावला. कामाच्या वेळेला मी कधी लावत नाही, ती घाबरूनच बोलली. मी तिला सगळं सांगितलं. पेन, टक्, पाठ केलेली वाक्यं, पाण्याचा तांब्या. बरं वाटल्याचंही सांगितलं. म्हटलं, पोर मागे नाही, तिचं तोंड मी बंद केलंय.

तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. 

‘आई,’ मग ती म्हणाली, ‘माझंही तू हेच केलं होतंस.’

‘काय?’

‘मी अजून इथं मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. मराठी असो, इंग्रजी असो. तोवर दुसरा कोणीतरी बोलून जातो. मला वाटायचं माझा स्वभावच असा आहे.’ ती रडत नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटलं. ‘ते टक् मला अजून ऐकू येतं गं.’

मी तिला माफ कर म्हटलं. ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी शाळेला कळवू.

पत्र मीच लिहिलं, मराठीत, आणि तिनं त्याचं इंग्रजी केलं. नोकरीत मी किती दाखले लिहिले, किती शेरे मारले, पण एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. मुलीची घरची भाषा वऱ्हाडी आहे. ती तिला उत्तम येते. मुलाखतीत ती जी भाषा बोलली ती तिच्या आजीची आहे, आणि आजीलाही ती वयाच्या अठराव्या वर्षी शिकावी लागली. दोष मुलीचा नाही. सोबत ह्यांनी एक व्हिडिओ काढून दिला, पोर कांद्याची गोष्ट सांगतानाचा. तो काढताना मी मोरीत उभी होते, दार लावून.

शाळेचं उत्तर आलं. शाळा पोरीशी पुन्हा बोलायला तयार होती, त्याच बाई बोलणार होत्या. एक विनंती होती, मुलगी ज्यांच्याशी घरात मोकळी बोलते त्यांनीच सोबत बसावं. हे मला सांगताना मुलगी चाचरत होती. ‘म्हणजे आई, तू जरा...’

‘मी बाहेर जाते,’ मी म्हटलं. ‘घराबाहेरच जाते.’

त्या सकाळी मी बसस्टँडवर जाऊन बाकावर बसले. नातीची शाळा ठरतेय आणि तिची मास्तरीण आजी बसस्टँडवर! रिसोडची गाडी लागली होती. शेजारी भाजीची टोपली घेतलेली एक बाई बसली होती. तिनं विचारलं, ‘कोठी चालल्या बाई?’

‘कोठीच नाई वं,’ माझ्या तोंडून निघालं. ‘मले घरून काहाडलं.’

ती हसली. मीही हसले आणि मग हसता हसता पदरानं डोळे पुसले. अकोल्याच्या त्या खोलीनंतर ‘मले’ माझ्या तोंडात आलं नव्हतं. माझं मलाच विचित्र वाटलं.

तासाभरानं घरी आले तर हे दारातच उभे होते. ‘अर्धा घंटा बोलली! थ्या बाईले बोलूच नाई दिलं. मंग थे बाईच म्हने, अकोल्याकडची माही आजी अशीच बोले.’ पाच दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली. मदतनीस शिक्षिका लागणार नाही, उलट मुलीची गोष्ट सांगण्याची हातोटी चांगली आहे, असं लिहून आलं. मुलगी त्या दिवशी फोनवर पोरीसोबत नाचली. जावई मला म्हणाले, आई, तुम्ही बरोबर शाळा निवडली. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि देवळाच्या बाजूनं एक चक्कर मारून आले.

पुढच्या आठवड्यात जावई तिला न्यायला येणार होते. पलंगावर बॅग उघडून मी तिचे कपडे ठेवत होते आणि ती हौसेनं एकेक फ्रॉक आणून देत होती. घरात आम्ही दोघीच. मी ठरवलं होतं. मनातल्या मनात दोन दिवस घोकलं होतं म्हटलं तरी चालेल.

‘माय,’ मी म्हटलं, ‘तुले जायाचं हाय न आता मम्मीजवळ? कसं वाटून राह्यलं वं? मले सांग न.’

तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. तिनं मला नीट बघितलं. मग जवळ येऊन, कोणी ऐकू नये म्हणून अगदी हळू, समजुतीनं म्हणाली, ‘आजी, मले नाही. मला.’

‘नाही गं, तू बोल तुला येईल तसं. मी काही म्हणत नाही.’

ती थांबली. तिचे ओठ हलले, दोनदा.

‘मला आनंद होत आहे,’ ती म्हणाली, आणि बरोबर आलं का ते बघायला माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.